ओठातली सिगरेट

आज माहेरी माळा आवरताना बाबांचा कॉलेजातला फोटो सापडला. ओठांच्या कोपऱ्यात सिगरेट, डोळे किलकिले, थेट हॉलीवूडचा हिरो हम्फ्री बोगार्ट! (जवळून पाहिलं तर पेटवलेलीसुद्धा नाही. नुसती पोझ. पेटली ती पुढे, तीस वर्षं.)

बोगार्ट १९५७ साली अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेला, वय ५७. हॉलीवूडचाच दुसरा नट युल ब्रिनर १९८५ मध्ये, फुफ्फुसाच्या. त्याने मात्र जाण्याआधी कॅमेऱ्यात बघून सांगून ठेवलं होतं, सिगरेट ओढू नका. ती जाहिरात तो गेल्यावर टीव्हीवर लागली. बघताना अंगावर काटा येतो, कारण रुबाब तोच, नजर तीच.

बाबांना फोटो दाखवला. "हिरो दिसायचो की नाही?" म्हणाले. हसता हसता खोकल्याची उबळ आली, मग उशीखाली इनहेलर चाचपायला लागले.