तुम्ही विचारलंत म्हणून : लुगरबरोबर ते जुनं चामडं कशाला?

अमेरिकेतल्या आमच्या घरी येणारे मराठी मित्र माझं लुगर पिस्तूल बघतात आणि हमखास विचारतात, ‘पिस्तुलाचं समजू शकतो, पण या जुनाट होल्स्टरला आणि जादा मॅगझिनला एवढे पैसे का मोजलेत?’ (होल्स्टर म्हणजे पिस्तूल ठेवायचं म्यान, आणि मॅगझिन म्हणजे पिस्तुलात बसणारी गोळ्यांची डबी.)

नुसतं लुगर दुर्मीळ नाही. गेओर्ग लुगर यांच्या रचनेचं हे पिस्तूल जर्मन लष्कराने १९०८ मध्ये स्वीकारलं, म्हणून ते पी-०८. दोन महायुद्धं मिळून ती लाखांनी बनली. माझं १९३८ चं, माउझर कारखान्यातलं. वर माउझरचं नाव मात्र नाही, ‘एस/४२’ एवढाच शिक्का. व्हर्सायच्या तहातल्या बंधनांमुळे कारखान्यांची नावं अशी लपवली जात.

दुर्मीळ असतो तो न फुटलेला संच. पिस्तुलाच्या सांगाड्यावर पूर्ण नंबर, बारीकसारीक भागांवर त्याचेच शेवटचे दोन आकडे. सोबत दोन मॅगझिनं. दोन्हींच्या बुडावर तोच नंबर, आणि जादा मॅगझिनवर शेजारी अधिकचं चिन्ह. युद्धाच्या धामधुमीत मॅगझिनं हरवायची, एकमेकांत मिसळायची. त्यामुळे दोन्ही मूळची सापडणं ही फार मोठी गोष्ट आहे.

होल्स्टर कडक चामड्याचं. पुढच्या कडेला जादा मॅगझिनचा कप्पा, झाकणाच्या आत एक छोटा खिसा आणि त्यात पोलादी पाना. मॅगझिनमध्ये आठ गोळ्या बसतात. शेवटच्या एकदोन भरताना स्प्रिंग अंगठ्याला दाद देत नाही, तेव्हा पान्याचं भोक मॅगझिनच्या बटणावर अडकवून ती खाली ओढायची. त्याच पान्याच्या टोकाने मुठीचे स्क्रू निघतात. एवढ्याशा पान्यावरही लष्करी तपासणीचा गरुड ठोकलेला आहे!

एवढा पैसा फिरतो म्हटल्यावर लबाडीही आलीच. जुने नंबर घासून नवे ठोकणारे आहेत, आणि रंग चढवून ‘जसंच्या तसं’ म्हणून विकणारेही. माउझरने १९३७ च्या सुमारास चापासारख्या छोट्या भागांना सोनेरी झाक देणं बंद केलं. तेव्हा १९३८ च्या पिस्तुलाचा चाप पिवळसर चमकला, तर मी तिथेच थांबतो.

माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा आहे तो एक कागद. जप्त केलेलं शस्त्र मायदेशी न्यायला अमेरिकन सैनिकाला वरिष्ठांच्या सहीचं प्रमाणपत्र लागायचं. त्या कागदावर सैनिकाचं नाव आहे, अधिकाऱ्याची सही आहे, पिस्तुलाचा नंबर आहे. ज्या जर्मन माणसाच्या कमरेला ते होतं, त्याचं नाव मात्र संचात कुठेच नाही. पान्यावरसुद्धा शिक्का मारणाऱ्या त्या व्यवस्थेने माणसाची एवढीही खूण यात ठेवली नाही, हे मला फार लागतं.

‘नाझींची वस्तू घरात कशाला?’ असंही काही जण विचारतात. विचारायलाच हवं. मी ती शोभेला भिंतीवर लावत नाही. लाखो माणसं मारणाऱ्या राजवटीच्या सैन्याचं ते शस्त्र आहे, आणि मी ते पुरावा म्हणून जपतो. म्हणूनच त्याला नवा रंग नाही, चामड्याला तेल नाही. पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवत नाही, कारण चामड्यातल्या ओलीने आणि आम्लाने लोखंड गंजतं. दोन्ही तिजोरीत वेगवेगळी असतात, कागद आम्लरहित पाकिटात.

अधिकचं चिन्ह असलेलं ते मॅगझिन सुटं मागणारे भेटतात, किंमतही चांगली देतात. मी नाही म्हणतो. माझ्यानंतर हे ज्याच्याकडे जाईल त्यानेही संच फोडू नये, असं लिहून त्याच पाकिटात ठेवलं आहे.