डाग

बुधवार, रात्री साडेअकरा

थप्. खण् नाही, थप्. भिजलेल्या डाळीचा गोळा पोळपाटावर पडावा तसा आवाज. संध्याकाळपासून तोच कानात बसलाय.

जांभळी नाक्याला गेले होते ते पैंजणाची कडी तुटलेली, तिला डाग लावून आणायला. राणीछाप रुपया आपला सहज पर्समध्ये होता. सहज कसला, मुद्दाम घेतला होता. रविवारी वहिनी जे बोलली ते डोक्यातून जात नव्हतं. असो.

सराफांनी रुपया दोन बोटांत धरला, कडेवरून अंगठा फिरवला, काचेवर टाकला. थप्. ‘‘डाग आहे हो ताई याला,’’ म्हणाले आणि शेजारच्या मंगळसूत्राकडे वळले. संपलं. मी रुपया उचलला आणि कौपिनेश्वरावरून, तलावपाळीच्या कडेकडेने चालत घरी आले. रिक्षा करायचं सुचलं नाही.

दादाला घर मिळालं, वरची पट्टी मिळाली, त्याबद्दल मी कधी तोंड उघडलं नाही. मला आजीने रुपया दिला. माझी मूठ स्वतःच्या हाताने मिटून म्हणाली होती, ‘‘बंदा रुपया आहे, जपून ठेव.’’ त्या एका ‘बंदा’वर मी तीस वर्षं काढली. दर लक्ष्मीपूजनाला तो ताटात मधोमध. आणि आता म्हणे डाग. आजीला माहीत असेल का? माहीत असून दिला असेल का?

झोप येत नाही. उगाच ओट्यावर टाकून पाहिला. थप्.

गुरुवार

ओंकारला सांगायचं नव्हतं, पण त्याने ओटा वाजवताना पकडलं. मग काय, घरात प्रयोगशाळा. आधी फ्रिजवरचं चुंबक लावलं. चिकटलं नाही. ‘‘लोखंड नाही एवढंच कळलं. पितळही चिकटत नाही,’’ चिरंजीव.

मग काटा. राणीछाप रुपयाचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर जुना तोळा. पूर्वी सोनार सोनं तोलायला पारड्यात रुपयाच टाकायचे, हे मला आजीकडून ठाऊक. माझा भरला ११.३१. माझं तोंड पडलं. त्याने भिंग हातात दिलं. राणीच्या गालाची पार चकती झालीय, मुकुटावरची नक्षी सपाट. ‘‘दीडशे वर्षं हातोहात फिरला, झिजणारच ना आई.’’

त्यानंतर त्याने पाण्याचा पेला काट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला आणि रुपया दोऱ्याने पाण्यात लोंबकळत धरला, तळाला लागू न देता. आकडा आला १.१०. भागाकार केला तर घनता साधारण १०.३. शुद्ध चांदी १०.५च्या आसपास, आणि या रुपयात चांदी ९१.७ टक्के, बाकी तांबं, म्हणजे जमलं. पितळ असतं तर आकडा १.३च्या पुढे गेला असता. मी तीनदा करायला लावलं. दोरा तोच, पाणी तेच.

आनंद व्हायला हवा होता. पण मग वाजत का नाही?

शिवाय जाता जाता हेही कळलं की यावरचं १८६२ काही खरं नाही. साल बदलायचेच नाहीत, १८७४ पर्यंत १८६२च छापत राहिले. मी सगळ्यांना सांगत आले की आमच्याकडे बासष्ट सालचा आहे! नंदूची हसून पुरेवाट होईल. पण नंदूने हसूच नये. त्याच्याकडे ‘ईस्ट इंडिया कंपनीचा’ रामदरबाराचा पैसा आहे, देव्हाऱ्यात चंदन लावून. कंपनी सरकार रामाची नाणी पाडत होतं असं मानणाऱ्या माणसाने माझ्या रुपयावर बोलू नये.

रात्री पुन्हा भिंग घेतलं. कडेला सगळीकडे बारीक उभे कंगोरे आहेत. फक्त मुकुटाच्या वर, गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेत, कंगोरे बुजलेत. तिथे थोडं पिवळट. मी त्याला इतकी वर्षं झीज म्हणत होते.

शुक्रवार

पैंजण आणायच्या निमित्ताने गेले. या खेपेला सरळ विचारलं, ‘‘परवा डाग आहे म्हणालात, म्हणजे खोटा का?’’

त्यांनी चष्मा वर केला. ‘‘खोटा कोण म्हणालं? डाग आहे, डाग! कडी डागलेली होती वर. माळेतला रुपया आहे हा. नंतर कुणीतरी कडी उपटून काढलीय. डाग बसला की नाणं बोलत नाही.’’ मशीनवर लावून दाखवला. ९१ टंच.

पैंजणाला डाग लावा, असं बुधवारी याच काउंटरवर मीच म्हणाले होते. माझ्याच तोंडचा शब्द. आणि दहा मिनिटांनी तोच त्यांच्या तोंडून ऐकला तर मला थेट कलंक लागल्यासारखं झालं. वहिनीचं बोलणं किती आत गेलं होतं ते यावरून... जाऊ दे.

माळ मात्र मी कधी पाहिली नाही. आजीचा एकच फोटो आहे, आत्याच्या लग्नातला, गळ्यात काळी पोत. एका माळेत किती रुपये असायचे, हे मी सराफांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘अकरा, पंधरा, एकवीस. ऐपतीप्रमाणे.’’ म्हणजे निदान दहा गेले. कुठे, कधी, ते आत्यालाच विचारायला हवं. आत्याला विचारता येणार नाही.

‘‘संग्राहक घेणार नाही, डागाचा आहे. मोडीत टाकायचा तर चांदीचा भाव. नाहीतर घासून देऊ का? थोडा वाजेल.’’

म्हटलं, नको, राहू दे.

घरी आले, रुपया डब्यात ठेवला, चहा टाकला, तेव्हा लक्षात आलं. पैंजण तिथेच राहिलं.