नंबर तोच, ऑइल वेगळं

गणपतीच्या आधीचे दिवस म्हणजे मुंबई-गोवा हायवेवरच्या आम्हा मेकॅनिकांना जेवायला सवड नसते. पंक्चर, तापलेली इंजिनं, जळालेल्या क्लच प्लेटी. माझं गॅरेज संगमेश्वरात, हायवेला लागूनच. हरतालिकेच्या दिवशी सकाळी एक डिझेल एसयूव्ही अक्षरशः रांगत आत आली. बीएस-६ मॉडेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरचं. टपावर ताडपत्रीखाली सामान, मागच्या सीटवर आई, बायको आणि दोन मुलं. जायचं होतं देवरुखच्या पुढच्या गावी.

"माणगावच्या कोंडीत हा दिवा लागला, आणि कामथे घाटात पिकअपच गेला. तीस-चाळीसच्या वर जातच नाही," मालक म्हणाला. आई खिडकीतूनच म्हणाली, "बाळा, संध्याकाळी गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायचीय. तेवढं बघ." शाळा म्हणजे आमच्याकडे मूर्ती घडवायची जागा.

दिवा डीपीएफचा, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरचा होता. सायलेन्सरच्या वाटेवर धुरातली काजळी अडवणारी ही जाळी. काजळी साठली की इंजिन स्वतःच थोडं जास्तीचं डिझेल सोडतं, जाळी सहाशे अंशांच्या आसपास तापते आणि काजळी जळून जाते. याला रीजनरेशन म्हणतात. पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगानं चालावी लागते. गाडी एरवी दादरमध्ये फिरते, मुलांची शाळा आणि बाजार एवढंच. म्हणजे रीजनरेशन सुरू व्हायचं आणि जाळी साफ होण्याआधीच चावी बंद व्हायची.

स्कॅनर लावण्याआधी मी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी काढली. माझी ती सवयच आहे. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं, आणि ही लक्षणं चांगली नव्हेत. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक रीजनरेशनमधलं न जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि पातळी वाढवतं. डिपस्टिक नाकाशी नेली तर डिझेलचा वास आला. एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सोडला. मध्ये काळा गोल, आणि थोड्या वेळानं त्याच्याभोवती फिकट, तेलकट कडं पसरत गेलं. ते बाहेरचं कडं म्हणजे डिझेल. लॅबइतकं अचूक हे नसतं, पण रस्त्यावर उभं राहून निर्णय घ्यायला पुरतं.

"शेवटचं ऑइल कुठलं टाकलंय?" त्यानं बिल काढलं. १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस. ट्रक-ट्रॅक्टरचं ऑइल. अर्धा डबा डिकीतही होता. "कोकणात घाट, गरमी, म्हणून घट्ट ऑइल टाकून घ्या असं ऑइल बदललं तिथं सांगितलं," तो म्हणाला.

हे 'घट्ट ऑइल चांगलं' मी रोज ऐकतो आणि रोज त्याच्याशी भांडतो. बाहेर तेहतीस अंश असो की वीस, चालत्या इंजिनाचं पाणी थर्मोस्टॅट नव्वदच्या आसपासच ठेवतो. कोकणातल्या हवेनं त्यात फारसा फरक पडत नाही. डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. नंतरचा आकडा शंभर अंशांना ऑइल किती जाड राहतं त्याचा: ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्स (हे जाडी मोजायचं एकक), ४० म्हणजे १२.५ ते १६.३. इंजिन बनवणाऱ्यानं बेअरिंगमधली फट, ऑइल पंप, टायमिंग चेनचा टेन्शनर हे सगळं एका जाडीला धरून बसवलेलं असतं. पेट्रोल गाड्यांत तर आता ०डब्ल्यू-२० आणि ०डब्ल्यू-१६ सुद्धा येतं. त्यात २०डब्ल्यू-५० ओता म्हणून हट्ट धरणारी माणसं बघितली की माझा जीव तुटतो.

पण या गाडीत जाडीपेक्षा मोठी गोष्ट राखेची होती. ऑइल जळलं की त्यातल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकच्या घटकांची राख उरते. काजळी जळून जाते, राख जळत नाही. ती जाळीत बसली की बसलीच. जुन्या डिझेलमध्ये गंधक जास्त असायचं, त्याचं आम्ल मारायला ऑइलमध्ये हे घटक भरपूर लागायचे. ट्रकच्या त्या ऑइलला म्हणून मी वाईट म्हणणार नाही, ते त्याच्या कामाला चोखच आहे. पण बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत फक्त १० भाग असतं. इथं कमी राखेचं ऑइल चालतं आणि तेच लागतं.

मी डॅशबोर्डच्या खणातून गाडीचं पुस्तक काढलं. प्लॅस्टिकचं आवरणही निघालं नव्हतं. ऑइलच्या पानावर स्पष्ट छापलेलं: ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३. एसीईए ही युरोपातल्या गाड्या बनवणाऱ्यांची संघटना, सी३ हा तिनं ठरवलेला ऑइलचा दर्जा. मालकाची नजर माझ्या रॅकवर गेली. तिथं ५डब्ल्यू-३० चा डबा होताच. "तोच नंबर आहे की! टाका ना दादा, उशीर होतोय."

मी डबा खाली काढून उलटा फिरवला आणि मागची बारीक अक्षरं त्याला वाचायला लावली. एपीआय एसएन (हा अमेरिकी दर्जा), एसीईए ए३/बी४. जाडीचा नंबर पुस्तकात आणि डब्यावर एकच, ५डब्ल्यू-३०. पण सी३ मध्ये राख ०.८ टक्क्याच्या वर जाऊ देत नाहीत, ए३/बी४ मध्ये ती दीड टक्क्याच्या आसपासही असू शकते. जाडीचा नंबर जुळला म्हणून ऑइल जुळलं असं होत नाही. एसीईएचं सी म्हणजे जाळी आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सांभाळणारं ऑइल. अशा गाडीत ते अक्षर डब्यावर नसेल तर डबा परत रॅकवर.

"मग त्या ट्रकच्या ऑइलनंच जाळी गेली का?" त्यानं विचारलं. नाही. एका वेळच्या ऑइलनं जाळी भरत नाही, राख साठायला हजारो किलोमीटर लागतात. आज गाडी अडली ती काजळीनं, दादरच्या छोट्या फेऱ्यांनी. पण हेच ऑइल पुढंही पडत राहिलं असतं तर जाळीचं आयुष्य कायमचं कमी झालं असतं, आणि नवी जाळी भयंकर महाग पडते. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगणं मला महत्त्वाचं वाटतं. घाबरवून ऑइल विकायला मला आवडत नाही.

रत्नागिरीच्या स्पेअर पार्टवाल्याला फोन केला. सी३ त्याच्याकडे होतं. त्यानं डबा आणि फिल्टर एसटीत कंडक्टरकडे दिला. तोवर आईंना आतल्या खोलीत टेकायला सांगितलं आणि मी चेंबरचा बोल्ट सोडला. ऑइल पाण्यासारखं भुरकन खाली आलं. घट्ट म्हणून टाकलेलं १५डब्ल्यू-४० डिझेलनं इतकं पातळ केलं होतं. पातळी वाढलेल्या गाडीत तसंच रीजनरेशन करणं धोक्याचं, कारण जादा ऑइल श्वासाच्या पाइपातून इंजिनात ओढलं गेलं तर तेच डिझेलसारखं जळतं आणि इंजिन चावीच्या ताब्यात राहत नाही. म्हणून आधी ऑइल, मग जाळी.

डबा दुपारी आला. नवा फिल्टर, नवा वॉशर, खुणेपर्यंत ऑइल. स्कॅनरवर काजळीचा आकडा रीजनरेशन करता येईल त्या मर्यादेत होता, पण जेमतेम. गाडी शेडबाहेर मोकळ्या दगडी जागेवर लावली, पोरांना लांब केलं, कारण सायलेन्सर यात आगीसारखा तापतो. स्कॅनरवरून रीजनरेशनचा आदेश दिला तसं इंजिन आपोआप चढलं. पावसाचे थेंब सायलेन्सरवर पडून चर्रकन उडत होते. आकडा आधी हलेना, मग हळूहळू उतरू लागला. अर्ध्या तासानं दिवा विझला. पुन्हा पातळी बघितली, खुणेवरच होती. मग हायवेवर चक्कर मारून आणली. पिकअप परत आला होता.

मालकाला एवढंच सांगितलं की आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं एकसलग गाडी पळवा, आणि डिपस्टिक स्वतः बघत जा. पातळी वाढली तरी ऑइल बदलायचंच. परतीच्या वाटेवर थांबा, मी पुन्हा बघतो.

निघताना त्यानं डिकीतला तो अर्धा डबा पुढं केला. "याचं काय करू?" टाकून देऊ नका म्हटलं. गावी काकांचा पॉवर टिलर आहे ना? त्याच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४०, सीआय-४ चालतं असं असेल तर त्यात घाला. त्यानं तिथूनच काकांना फोन लावला, टिलरचं पुस्तक घरात आहे का ते विचारायला.