नव्या कोऱ्या रॉकेटवरचे वीस जण

२० सप्टेंबर, रात्री

आजच्याच तारखेला, २०१५ साली, चीनच्या शान्शी प्रांतातल्या तैयुआन केंद्रावरून ‘लाँग मार्च ६’ पहिल्यांदा उडालं. तिथे सकाळचे सात वाजून गेले होते, आपल्याकडे पहाटेचे साडेचार. रॉकेट नवं कोरं आणि त्याच्या डोक्यावर वीस छोटे उपग्रह. ही तारीख आली की मला ते वीस जण हमखास आठवतात.

रॉकेटचं पहिलंच उड्डाण असेल तर त्यावर महागाचा उपग्रह चढवायला सहसा कुणी धजावत नाही. कधी कधी तर नुसतं वजन ठेवून उडवतात. इथे मात्र विद्यापीठांनी आपापले प्रायोगिक उपग्रह दिले. हार्बिन, हांगचौ, बीजिंग, सगळीकडचे. रॉकेटची खात्री नाही आणि उपग्रहांचीही नाही, तरी दोघांनी एकमेकांची जोखीम पत्करली. मला हे फार मोठं वाटतं. सगळं सिद्ध होईपर्यंत थांबायचं ठरवलं असतं, तर त्यातले कितीतरी उपग्रह प्रयोगशाळेच्या कपाटातच राहिले असते.

आणि रॉकेटला तरी स्वतःला कुठे कमी सिद्ध करायचं होतं? चीनची जुनी लाँग मार्च रॉकेटं, म्हणजे २, ३ आणि ४ या मालिका, हायड्रॅझिनच्या जातीच्या विषारी इंधनावर उडतात. उड्डाणतळ समुद्रापासून लांब, त्यामुळे वापरलेले टप्पे जमिनीवरच पडायचे, कधी गावांच्या जवळही. ‘६’मध्ये केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन आलं. खालच्या टप्प्याला साधारण १२० टन रेटा देणारं एकच इंजिन. पुढे हेच इंजिन ‘लाँग मार्च ७’वर आणि ‘लाँग मार्च ५’च्या बाजूच्या बूस्टरांवर बसलं. म्हणजे मोठ्या रॉकेटांचं भवितव्य त्या सकाळी या धाकट्यावर अवलंबून होतं.

उपग्रहांमध्ये केवढी विविधता! काही पंचवीस किलोच्या घरातले, काही दीड किलोचे, आणि काही तर एका मोठ्या उपग्रहाच्या पोटातून सोडलेले, जेमतेम शंभर ग्रॅमचे. काही लष्करी विद्यापीठाचेही होते, हे मान्यच करायला हवं. पण आम्हा हॅम मंडळींचं, म्हणजे हौस म्हणून रेडिओवर बोलणाऱ्यांचं, लक्ष होतं ते बाकीच्यांवर. वीसपैकी नऊ उपग्रहांवर हौशी रेडिओची यंत्रणा होती. त्यांच्या फ्रिक्वेन्सी आधीच जाहीर केलेल्या होत्या. ज्याच्याकडे रेडिओ आहे त्याने ऐकावं.

त्यातला माझा लाडका ‘लायलॅकसॅट-२’. हार्बिनच्या तंत्रविद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी केलेला, अकरा किलोच्या आसपासचा. ४३७.२०० मेगाहर्ट्झवर तो बोलायचा. एका फ्रिक्वेन्सीवर घेतलेला आवाज दुसरीवरून खाली परत पाठवायचा, त्यामुळे साध्या हँडसेटवरूनही त्याच्यामार्फत बोलता यायचं. पुण्यात गच्चीवर उभं राहायचं, डाव्या हातात यागी (एका दिशेला रोखायची) अँटेना, उजव्या हातात रेडिओ, स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारी सोय, पूर्ण उघडा. आधी नुसती खरखर. मग उत्तरेच्या क्षितिजावरून तो वर येऊ लागला की खरखर पातळ होत जाते, विरते, आणि कुणाचा तरी कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, स्पष्ट ऐकू येतो. उपग्रह आपल्या दिशेने येत असतो तेव्हा फ्रिक्वेन्सी जवळजवळ दहा किलोहर्ट्झ वर लागते. डोक्यावरून जाताना ती जागेवर येते आणि दक्षिणेकडे उतरताना तेवढीच खाली जाते. पाच-पाच किलोहर्ट्झने खाली येत राहायचं आणि मनगट फिरवून अँटेना आडवी-उभी करून बघायची. डॉपलरचा परिणाम पाठ्यपुस्तकात सगळेच शिकतात, पण तो असा अंगठ्याखाली फिरताना अनुभवला की कायमचा कळतो. दहा-बारा मिनिटांत सगळं संपतं. सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्याकडून आणखी किती वेळ मागणार!

आपल्याकडे २२ जून २०१६ला पीएसएलव्ही-सी३४ उडालं, त्यावरही योगायोगाने वीसच उपग्रह होते. त्यात पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ होता, किलोभर वजनाचा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेऊन, वीज न खर्चता, स्वतःला स्थिर ठेवायचं, हा त्याचा प्रयोग. मुलांच्या एकामागून एक तुकड्या त्यावर खपल्या. सुरुवात करणारी पोरं नोकरीला लागली, मग धाकट्यांनी काम पुढे नेलं. चीन असो की आपण, या कामाची जातकुळी एकच.

हार्बिनची मंडळी त्यानंतर थांबली नाहीत, याचं मला सगळ्यात जास्त कौतुक आहे. मे २०१८मध्ये त्यांचा ‘लोंगजियांग-२’ चंद्राकडे निघाला. वजन ४७ किलो, आणि त्यावरही हौशी रेडिओ. जोडीचा ‘लोंगजियांग-१’ चंद्राच्या कक्षेत पोचू शकला नाही, पण हा पोचला. फेब्रुवारी २०१९मध्ये त्याने एक फोटो काढला: पुढे चंद्राची पलीकडची बाजू, मागे इवलीशी पृथ्वी. फोटो काढण्याच्या आज्ञा जर्मनीतल्या एका हॅमने आपल्या घरच्या अँटेनावरून पाठवल्या, आणि नेदरलँड्समधल्या ड्विंगेलोच्या जुन्या रेडिओ दुर्बिणीवर हौशी मंडळींनी तो उतरवून घेतला. सोळा किलोबाइटचा फोटो यायला वीस मिनिटांच्या आसपास लागली. व्हॉट्सॲपवर आपण याच्या कितीतरी पट मोठे फोटो दिवसभर ढकलत असतो.

३१ जुलै २०१९ला तो ठरल्याप्रमाणे चंद्रावर आदळवण्यात आला.

माझ्या मनातली गोष्ट आज इथे लिहून ठेवतो. आपल्या पुढच्या एखाद्या चांद्रयानावर विद्यार्थ्यांसाठी पाच किलो जागा राखून ठेवावी. एक छोटा रेडिओ आणि एक साधा कॅमेरा, बस्स. फ्रिक्वेन्सी आधी जाहीर करावी आणि आज्ञा पाठवायची पाळी एकेका कॉलेजला द्यावी. ते बांधायला मुलं पुण्यात, मुंबईत, नागपुरात आजही सापडतील, आणि ऐकायला आम्ही गच्चीवर आहोतच.