आईला घेऊन पबमध्ये मुक्काम?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न नेहमी हाच असतो: वेल्सला जाता तेव्हा चांगली हॉटेलं सोडून पबमध्ये का उतरता? आणि तेही आईला घेऊन? पुण्याच्या मावशीने विचारलं, इथे इंग्लंडमध्ये, ब्रिस्टलमधल्या मराठी मैत्रिणींनी विचारलं. आम्ही दोघीही घेत नाही, म्हणून तर जास्तच.

आपल्याकडे पब म्हटलं की अंधार, कान फाडणारं संगीत आणि मध्यरात्रीनंतर बाहेर पडणारी मुलं डोळ्यांपुढे येतात. वेल्सच्या खेड्यातला पब असा नाही. वेल्श भाषेत त्याला ‘तावर्न’ म्हणतात. खाली बसक्या छताच्या एक-दोन खोल्या, एका भिंतीत ओंडक्यांची शेकोटी, आणि लाकडी जिना चढून गेलं की भाड्याने द्यायच्या चार-पाच खोल्या. गादीवर जाड रजई, कोपऱ्यात चहाची किटली. जमीन कुठे कुठे तिरकी असते, कारण घर जुनं असतं.

आम्ही जातो तो भाग म्हणजे टावी नदीचं वरचं खोरं, लँडव्हरी गावाच्या पुढचं. पूर्वी इथून गुरं पायी लंडनपर्यंत नेत. शेकडो मैलांची चाल, म्हणून गुरांना घोड्यांसारखे नाल मारत. खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन-दोन तुकडे. गुरं हाकणाऱ्यांची रात्र वाटेवरच्या सरायांत जाई. माल विकून परतताना पैशांची भीती असे. त्या गरजेतून डेव्हिड जोन्स नावाच्या, स्वतः गुरांच्या धंद्यातल्या माणसाने 1799 मध्ये लँडव्हरीतल्या किंग्ज हेड या सराईत बँक काढली. नोटेवर काळा बैल, म्हणून नाव ‘काळ्या बैलाची बँक’. 1909 मध्ये ती लॉइड्स या मोठ्या बँकेत विलीन झाली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वाटसरूला छप्पर, गुरांना कुरण, पैशाला तिजोरी, आणि पुढच्या गावची बातमी, सगळं एकाच दारात. वर खोल्या असलेला पब ही पर्यटकांसाठी काढलेली टूम नाही, ते त्या घराचं मूळ काम आहे.

हेही खरं, की याच वेल्समध्ये 1881 च्या कायद्याने रविवारी पब बंद ठेवले होते. चॅपलवाल्यांचा, म्हणजे दारूला विरोध करणाऱ्या कडक ख्रिस्ती पंथांचा, जोर मोठा होता. 1961 नंतर जिल्ह्याजिल्ह्यात मतदान होऊ लागलं, आणि वायव्येकडच्या ड्वायव्होर भागाने ही बंदी शेवटी 1996 मध्ये उठवली. दारूबद्दल आईच्या मनात जो संकोच आहे, तो तिथल्या आजीआजोबांनाही नवा नाही.

आता आईबद्दल. नोव्हेंबरची सुरुवात होती, बाहेर बारीक पाऊस. आई पदर घट्ट लपेटून दाराशीच थांबली. मालकीणबाई काउंटरमागून बाहेर आल्या, ‘क्रोएसो’, म्हणजे या, स्वागत आहे, म्हणाल्या आणि शेकोटीजवळच्या खुर्चीवरचा कुत्रा उठवून आईला तिथे बसवलं. काय घेणार, असं विचारलं. आईने गरम पाणी मागितलं. मी अवघडले, पण त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. जाड काचेच्या पेल्यात पाणी आलं, वर लिंबाची चकती. दुसऱ्या रात्री आम्ही जिना उतरलो, तर आईच्या खुर्चीपाशी पेला आधीच ठेवलेला, त्यावर बशी झाकलेली. हॉटेलच्या लॉबीत हे कुणी करत नाही. तिथे तुम्ही खोली नंबर असता.

खाण्याची काळजी बरेच जण करतात. शाकाहारी माणसासाठी ग्लॅमॉर्गन सॉसेज मागा. नावाला घाबरू नका, त्यात मांस नसतं. चीज, लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा मोठा भाऊ, आणि पावाचा चुरा, वळून तळलेलं. मांसाहारी असाल तर काउल घ्या, मेंढीचं मांस, बटाटा आणि लीक घालून रटरटवलेला रस्सा, सोबत पाव आणि चीजचा तुकडा. सकाळी वेल्श केक होते. बेदाणे घातलेल्या त्या छोट्या चपट्या वड्या भट्टीत नव्हे, जाड लोखंडी तव्यावर भाजतात. आईने स्वयंपाकघराच्या दारातून तो तवा पाहिला, आणि मग तिचा संकोच गेलाच.

पण मला सांगायची आहे ती दुसऱ्या रात्रीची गोष्ट. शेजारच्या बाकावर एक म्हातारे शेतकरी अर्धा पाइंट बिअर पुढ्यात ठेवून तासभर बसले होते. आईने मला विचारायला लावलं, इथल्या मेंढ्यांच्या पाठीवर पिवळा रंग का? त्यांचा चेहराच खुलला. त्यांनी खुर्ची आमच्याकडे ओढली. मेंढ्याच्या छातीला पट्ट्याने रंगाची वडी बांधतात, तो ज्या मेंढीवर चढेल तिच्या पाठीला रंग लागतो. साधारण सतरा दिवसांनी रंग बदलायचा, फिक्यावरून गडदाकडे: आधी पिवळा, मग लाल, मग निळा. म्हणजे कोण कधी विणार ते कळतं, आणि पिवळ्या मेंढीवर पुन्हा लाल लागला तर पहिली वेळ फुकट गेली. त्यांनी हे टेबलावर ओल्या बोटाने काढून दाखवलं.

मग आईची पाळी. तिचं माहेर माण तालुक्यातलं. तिकडे धनगर आले की शेतकरी त्यांची मेंढरं रात्री आपल्या रानात बसवतात, लेंड्या-मुताचं खत मिळतं म्हणून, आणि त्याबद्दल धान्य देतात. मी भाषांतर करत होते. ते नीट ऐकत होते, मधेच थांबवून विचारत होते: एका रात्री किती मेंढ्या? कोल्हे येतात का? मला उत्तरं माहीत नव्हती, आईला सगळी होती. इतकी वर्षं तिच्या रानाबद्दल कुणी असं खोदून विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

पब बंद होण्याआधीची, शेवटच्या मागणीची घंटा वाजली, ते उठले, टोपीला हात लावला, ‘नोस दा’, म्हणजे शुभ रात्री, म्हणाले.

जायचं असेल तर थोडं सांभाळा. स्वयंपाकघर बहुतेक ठिकाणी नऊच्या आत बंद होतं, काही पब सोमवारी उघडतच नाहीत, तेव्हा जेवणाचं टेबल खोलीबरोबरच सांगून ठेवा. झोप सावध असेल तर बारच्या थेट वरची खोली घेऊ नका. आणि खाली काउंटरशी जाऊनच मागा, टेबलाशी कुणी येण्याची वाट बघू नका. उभं राहिलं की बोलणं आपोआप सुरू होतं.

आई आता साताऱ्याला आहे. एप्रिलमध्ये तिचा फोन आला. माझी तब्येत, तिची तब्येत, पाण्याची टंचाई, सगळं झालं. मग म्हणाली, “तिकडे फोन करून विचार की गं, पिवळ्या व्यायल्या का सगळ्या?”