पिशव्यांपाशी कोण बसणार?

आमच्या घरच्या सहलींत सगळ्यावर वाद व्हायचे. किती वाजता निघायचं, पुऱ्या न्यायच्या की धपाटे, खिडकी कुणाची. पिशव्यांपाशी कोण बसणार, यावर मात्र कधीच वाद झाला नाही. आई बसायची. ती बसते म्हणूनच पिशव्या राहतात, अशी काहीतरी आमची समजूत असावी.

गेल्या डिसेंबरात आम्ही सगळे खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला गेलो, तेव्हा ती जागा आपसूक माझ्याकडे आली. माझ्या कडेवर साडेआठ महिन्यांचे चिरंजीव होते.

खरं तर जायचं होतं भाच्याला. त्याला बारावं लागलं होतं आणि वाढदिवसाला तिथल्या ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरमध्ये बसायचं, हे त्यानं वर्षभर आधी जाहीर केलं होतं. “बाळालाही आणा, त्याला मज्जा येईल,” असं वहिनी म्हणाली. ज्या माणसाला पंख्याकडे बघून मज्जा येते त्याला खोपोलीपर्यंत कशाला न्यायचं, हे तेव्हा मला सुचलं नाही. आईनं एकच अट घातली. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावरच आहे, तर येताना पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन घ्यायचं. म्हणजे दिवस अगदीच वाया गेला असं होणार नाही.

चौघांचं सामान एका पिशवीत आणि बाळाचं तीन पिशव्यांत. गरम पाण्याचा थर्मास, नाचणीचं सत्त्व, सात दुपटी, दोन टोपडी, डायपरचं अख्खं पाकीट, आणि ज्याच्याकडे तो कधीच बघत नाही असा एक खुळखुळा. दारावरच्या सुरक्षारक्षकानं पिशव्या तपासताना सत्त्वाचा डबा उघडला, वास घेतला आणि इतक्या अदबीनं झाकण लावून परत दिला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. तिकिटं उंचीवर होती. भाचा टाचा उंचावून मोठ्यांत गेला. चिरंजीव भरले 70 सेंटीमीटर, म्हणजे फुकट.

आत गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मंडळी पांगली. मी एक सावलीतला बाक धरला, गाडी आडवी लावली आणि आई शेजारी टेकली. “तू जा गं, मी बघते त्याला,” ती म्हणाली. पण दर दोन तासांनी लागणारी गोष्ट माझ्याकडेच होती, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

समोर नायट्रो. या गाडीला तळच नाही, माणसं पाय लोंबकळत ठेवून बसतात आणि वाटेत पाचदा उलटी होतात. लांबून बघताना पाय तेवढे दिसतात, बहुतेक बुटांतले, आणि मग एक सामुदायिक किंकाळी येते. घरी चमचा पडला तरी दचकून उठणारे, कुकरच्या शिट्टीला माझ्याकडे अपराध्यासारखं बघायला लावणारे आमचे चिरंजीव त्या किंकाळ्यांखाली दीड तास झोपले. तोंड उघडं टाकून, दोन्ही मुठी कानांशी. मी आजवर घरात चवड्यांवर चाललेल्या सगळ्या पावलांचा हिशोब मनात केला.

बाकावर बसलं की कळतं, ही वस्ती वेगळी आहे. पलीकडच्या बाकावर एक काका डोक्यावर एकावर एक तीन टोप्या घालून बसले होते, गळ्यात दोन कॅमेरे, हातात कुणाचा तरी चष्मा. एक नववधू हातातला चुडा सांभाळत एकटीच बसली होती. नवरा मित्रांबरोबर आत. अनोळखी मुलं येऊन “काकू, जरा बघाल का?” म्हणत सॅक टाकून पळत होती. बाळ असलेली बाई चोर नसते, असा काहीतरी लोकांचा ठाम विश्वास दिसतो. दुपारपर्यंत माझ्याकडे आमच्या चार आणि परक्या पाच पिशव्या जमल्या.

गंमत म्हणजे हा सगळा प्रकार जन्मालाच आला तो बाकावर. वॉल्ट डिस्नेनं स्वतःच सांगून ठेवलंय. शनिवारी तो दोन्ही मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जायचा. मुली मेरी-गो-राउंडवर, हा बाकावर शेंगदाणे खात. बसून बसून त्याला वाटलं, मुलं आणि आईबाप दोघांना मिळून मजा करता येईल अशी एखादी जागा का नसावी? 1955 च्या जुलैत अनाहाइमला डिस्नेलँड उघडलं. ग्रिफिथ पार्कमधला बाकही तिथे जपून ठेवलाय म्हणे. कोट्यवधींचा खर्च झाला, पण बाक काही सुटला नाही. जगभरातल्या अशा प्रत्येक बागेत आहे, आणि त्यावर कुणीतरी पिशव्या घेऊन बसलेलं आहेच.

मी आईला हे सांगितलं. तिला डिस्नेपेक्षा शेंगदाण्यांत रस वाटला. “आपणही आणायला हवे होते,” म्हणाली.

मग मला मुंबईतली अशीच एक बाग, एस्सेलवर्ल्ड, आठवली. 1989 ला सुरू झालेलं, आता 2022 पासून बंद आहे. आम्ही गेलो तेव्हा मी आठ वर्षांची होते. डोंबिवलीहून दादर, गाडी बदलून बोरिवली, मग बस, मग खाडीतून लाँच. तिथल्या झिपर डिपर या रोलर कोस्टरमध्ये मी दादाचा हात इतका घट्ट धरला होता की तो अजून ते काढतो. बाकी सगळं आठवतं, आई त्या दिवशी काय करत होती तेवढं आठवत नाही. ती फक्त अधूनमधून डबा घेऊन उगवायची.

“तू काय करायचीस गं दिवसभर?”

“मोजायचे,” आई म्हणाली. “सहा पिशव्या, नऊ चपला, चार पोरं. परत पहिल्यापासून.” मग जरा थांबून, “लाँचमध्ये मला मळमळलं होतं. येतानाचीच धास्ती घेऊन बसले होते. तुम्हाला कुठे सांगायचं.”

तेवढ्यात चिरंजीव उठले. दुपटं बदललं, सत्त्व भरवलं, त्यातलं अर्धं माझ्या कुर्त्यावर आलं. मांडीवर उभं राहून त्यानं समोर बोट केलं. तिथे रंगीत घोड्यांचं चक्र होतं, मॅजिक कॅरोसेल. त्याला घोडे दिसत होते की नुसते दिवे, देव जाणे. आई मात्र घोड्यांकडेच बघत होती.

“जा ना, बसून ये.”

“वेडी की काय! गुडघे बघितलेस का माझे?”

“आई, तुझे मोठ्याचे पूर्ण पैसे भरलेत.”

आमच्या घरात याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. ती उठली. पर्स माझ्या मांडीत, वर चष्म्याचं घर, वर पदराला लावलेली पिन. रांगेत तिच्या पुढे एक पाच वर्षांची मुलगी होती, मागे एक सहा वर्षांची. घोड्यावर ती एकाच बाजूला पाय सोडून बसली, स्कूटरवर बसावं तशी, आणि दांडा दोन्ही हातांनी धरला.

पहिल्या फेरीला ती ओरडून म्हणाली, “त्याला टोपडं घाल!” दुसऱ्या फेरीला, “थर्मासचं झाकण!” तिसऱ्या फेरीला तिनं एक हात दांड्यावरून सोडला आणि आमच्याकडे बघून हलवला. मी चिरंजीवांचा हात धरून हलवला.

चौथ्या फेरीला तिनं आमच्याकडे बघितलंच नाही.