तुम्ही विचारलंत म्हणून: तयार फायरवॉल असताना स्वतःची कशाला?

ऑफिसात विचारतात, लग्नकार्यात विचारतात, नव्याने कोडिंग शिकणारी पोरं तर हमखास विचारतात. नेटवर्कवर काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारी फायरवॉल तयार मिळते: लिनक्समध्ये एनएफटेबल्स आहे, शिवाय वेगळी पीएफसेन्स आहे, सगळं फुकट. मग तू पायथॉनमध्ये स्वतःची फायरवॉल कशाला लिहीत बसलीस? तीही प्रोग्रामिंग नुकतंच शिकत असताना?

माझी त्यांच्यापेक्षा चांगली आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. एनएफटेबल्स २०१४ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आहे, जाणत्यांच्या हातचं काम आहे. माझ्याकडे कर्नल प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, रांगेत लावून देतो आणि मी ‘जाऊ दे’ किंवा ‘टाकून दे’ सांगते. त्यात वेळ जातो. प्रोग्राम बंद पडला तर रांगेतलं काहीच पुढे सरकत नाही. हे मला माहीत आहे, दर वेळी समजावून सांगायची गरज नाही.

आधी मी उत्तर द्यायचे, ‘सुरक्षिततेसाठी.’ ते आता मलाच पटत नाही. तेवढंच हवं असतं तर तयार साधन बसवून मोकळी झाले असते. मला आत काय चाललंय ते बघायचं होतं. पॅकेटचे बाइट पहिल्यांदा हेक्समध्ये (सोळाच्या पायात) जसेच्या तसे छापले, तेव्हा ओळीमागून ओळ ४५ ने सुरू होत होती. ४ म्हणजे आयपीची, इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या नियमांची, आवृत्ती. ५ म्हणजे हेडरची, पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीची, लांबी, चार-चार बाइटचे पाच गट, एकूण २० बाइट. दहाव्या बाइटची किंमत दशमानात ६ असेल तर टीसीपी (पोच घेत पाठवणं), १७ असेल तर यूडीपी (पोच न घेता पाठवणं). तेराव्यापासून चार बाइट पाठवणाऱ्याचा पत्ता. हे स्वतःच्या हाताने सोडवलं आणि नेटवर्कची भीती गेली.

पण मी ते सोडून दिलं नाही, ते कॅमेऱ्यामुळे.

नाशिकच्या सातपूरला अण्णांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरला दुसरं लॅन कार्ड लावून मी तो राउटर आणि बाकी सगळ्याच्या मध्ये बसवला होता. शटर खाली, मोबाइलवर कोणी बघत नाही, आणि लॉगमध्ये एकाच पत्त्यावरून ओळी पडताहेत: यूडीपी, आतून बाहेर, थोड्या थोड्या सेकंदांनी परत तेच. पत्ता कॅमेऱ्याचा. बसवणाऱ्याला फोन केला. “ताई, सगळ्यांचे असेच असतात. तुम्ही कशाला डोकं लावता?”

असेच असतात, हे खरं आहे. बाहेरून कॅमेऱ्याला थेट गाठता येत नाही, म्हणून कॅमेराच सर्व्हरला सारखं ‘मी इथे आहे’ असं कळवत राहतो. एकतर्फी यूडीपीची नोंद लिनक्स मुळात ३० सेकंदच ठेवतं. ती पुसली की उत्तराला आत यायची वाट उरत नाही. माझ्या प्रोग्राममध्ये ही नोंदवही मीच लिहिली होती: कोण, कोणाशी, कुठल्या पोर्टवरून, शेवटचं कधी. कॅमेऱ्याची नोंद पुसली जायच्या आधी दर वेळी ताजी होताना मी बघत होते. मी ती वाट बंद केली.

अण्णा तेव्हा दिंडोरीला होते, द्राक्षबागेत गोडी छाटणी चालली होती. संध्याकाळी फोन आला.

“दुकान दिसत नाहीये गं.”

“कॅमेरा बाहेर कोणाशी तरी बोलतोय अण्णा. कोणाशी, ते आपल्याला माहीत नाही.”

“मला दिसतंय ना त्यानं? मग बोलू दे.”

“आणि दुसऱ्या कोणाला दिसत असेल तर?”

“तांब्याची तार एकदा गेलीय आपली. परत गेली तर तुझा प्रोग्राम भरून देणार आहे का?” मग जरा थांबून, “मी आता बाग सोडून तिकडे येऊ का?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि ती मी लावली होती, ते मला फार लागलं. त्याच रात्री वाट उघडली. पण मोजून: तोच कॅमेरा, तोच सर्व्हर, तेच पोर्ट.

मग फायदा काय झाला, असं तुम्ही म्हणाल. तेव्हाची मी पण हेच म्हणाले असते, उघडं ते उघडंच. तिला मी सांगते की आधी ही परवानगी बसवणाऱ्याने देऊन टाकली होती, अण्णांना न विचारता. आता ती अण्णांनी दिली आहे. यावर तिचं म्हणणं, अण्णांना तरी काय कळलंय? लॉगमध्ये पत्ता दिसतो, पॅकेटच्या आतला मजकूर कुलूपबंद असतो, चित्र पुढे कोणाकडे जातं ते तुलाही दिसत नाही. याला माझ्याकडे आज उत्तर नाही. तरी तयार साधन बसवलं असतं तर हा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नसता, आणि तो निघायला हवा होता असं मला अजून वाटतं.

सध्या आयपीची सहावी आवृत्ती माझ्या रांगेत येतच नाही. कॅमेरा त्या वाटेनेही बोलतो का, ते बघायचं आहे. तिथे आयसीएमपी (यंत्रांचे आपसातले निरोप) सरसकट अडवलं तर शेजारची यंत्रं एकमेकांना सापडेनाशी होतात, म्हणजे दुकान पुन्हा दिसेनासं होऊ शकतं. म्हणून ते काम अण्णा सातपूरला असतील तेव्हाच काढणार आहे, त्यांना आधी सांगून.